हातातला फोन आणि समोरचा माणूस

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



कार्यकारिणीने मला 'मोबाइल : शाप की वरदान' असा विषय दिला होता. मी शाळेत असताना 'विज्ञान : शाप की वरदान' या विषयावर दोन वेळा निबंध लिहिला आहे. दोन्ही वेळा शेवटी 'ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे' असे लिहिले आणि दोन्ही वेळा दहापैकी सात गुण मिळाले. आज पुन्हा सात गुण मिळवण्यासाठी आपला रविवार घेणे बरे नव्हे. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने मी विषय थोडा बदलून घेतला आहे. हातात फोन असताना समोरच्या माणसाचे काय होते, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. मी काही या विषयातली तज्ज्ञ नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि गेली वीस-बावीस वर्षे बँकेत लिपिक म्हणून काउंटरवर बसते. काउंटरवर बसणाऱ्याला दिवसभरात शे-दीडशे चेहरे दिसतात, तेवढेच माझे भांडवल.

फोनची निंदा करण्यासाठी मी उभी नाही, हे आधी स्पष्ट करते. आपल्यापैकी चाळिशीच्या पुढच्या लोकांना एस.टी.डी. बूथ आठवत असेल. रात्री उशिरा दर कमी होत, म्हणून मुंबईच्या मामांना फोन करायला आम्ही जेवणे आटोपून जात असू. काचेच्या खोक्यात आई, मी आणि धाकटा भाऊ असे तिघे कोंबून उभे राहायचो आणि आईची नजर सगळा वेळ लाल आकड्यांच्या मीटरवर असायची. बोलण्यात लक्ष कमी, मीटरवर जास्त. म्हणजे यंत्राकडे बघत बोलण्याची सवय आपल्याला तेव्हापासूनच होती, असेही कोणी म्हणू शकेल! भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतर बरीच वर्षे आलेल्या कॉललाही पैसे पडत. २००३ साली ते थांबले आणि फोन साहेबांच्या खिशातून गवंड्याच्या, भाजीवालीच्या हातात आला. २०१६ पासून इंटरनेट स्वस्त झाले आणि त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले. पुढचे आपण सारे जाणतोच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. तिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्या आठवड्यात शिरोळकडची आपली कितीतरी माणसे माळ्यावर आणि छपरावर होती. बोट कुठे पाठवायची, कोणाच्या घरात बाळंतीण आहे, कोणाची औषधे संपली आहेत, हे सगळे फोनवरून कळत होते. ज्यांच्या फोनची बॅटरी संपली त्यांच्या घरच्यांनी काय काढले, ते त्यांनाच माहीत. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तर आपल्या वस्तीत फोन हीच शाळा झाली. तीन भावंडे आणि एक फोन, अशी घरे मला माहीत आहेत. वडील कामावरून येईपर्यंत वर्ग संपलेले असायचे. कित्येकांनी हप्त्याने फोन घेतले. कुणी गंठण मोडून घेतले. जो फोन आज मुलाच्या हातातून सुटत नाही अशी आपली तक्रार आहे, तो आपणच कष्टाने, त्याच्या शिक्षणासाठी त्याच्या हातात दिला होता. मुलांना बोल लावण्याआधी हे लक्षात असावे.

आता माझ्या काउंटरकडे येते.

पूर्वी नोव्हेंबर महिना आला की बँकेत निवृत्तिवेतनधारकांची गर्दी व्हायची. हयातीचा दाखला द्यायचा असायचा. निवृत्त शिक्षक, शिपाई, पोलीस, पतीच्या मागे पेन्शन घेणाऱ्या भगिनी असे सगळे सकाळी नऊपासून पायरीवर बसायचे. आम्हाला त्या गर्दीचा वैताग यायचा, हे प्रामाणिकपणे सांगते. परंतु त्या बाकड्यावर काय काय चालायचे! कोण आजारी, कोणाची नात उजवली, गेल्या वर्षीच्या रांगेतला कोण यंदा दिसत नाही. एका अर्थाने ते वर्षातून एकदा भरणारे संमेलनच होते. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आले आणि पुढे चेहरा दाखवून घरबसल्या फोनवर दाखला देण्याची सोय झाली. ही फार मोठी सोय आहे. गुडघे धरलेल्या माणसाला जिना चढावा लागत नाही, याचे मला समाधान आहे. तरीही एक निवृत्त कंडक्टर काका अजून दर नोव्हेंबरला येतात. मी म्हटले, "काका, तुमचा दाखला मुलानं मोबाइलवर केलाय की. कशाला हेलपाटा?" ते म्हणाले, "मशिनीला कळलं मी जिता हाय म्हणून. तुमाला पण कळाय नको व्हय?" आणि बाकड्यावर अर्धा तास बसले. शेजारी तीन माणसे होती आणि तिघेही फोनमध्ये. काका थोडा वेळ घड्याळाकडे बघत राहिले आणि उठून गेले.

गेल्या दोन वर्षांत आमच्या कामात आणखी एक गोष्ट आली आहे. तिची माहिती प्रत्येक घराला हवी, म्हणून जरा सविस्तर सांगते. 'डिजिटल अटक' हा शब्द आपण ऐकला असेल. पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याचे सांगून व्हिडिओ कॉल येतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला, असे सांगतात. फोन बंद करायचा नाही, कोणाशी बोलायचे नाही आणि चौकशीपुरते पैसे अमुक खात्यावर भरायचे. अशी अटक आपल्या कायद्यात कुठेही नाही. खुद्द पंतप्रधानांना २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रेडिओवरून हे देशाला सांगावे लागले, इतके लोक यात सापडले. असे कोणाच्या बाबतीत झाले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचे. सहीसाठी पेन घेऊन बसला आहात, तर हा आकडा हातावर लिहून घ्या.

एके दिवशी दुपारी दोनच्या सुमारास एक निवृत्त गुरुजी काउंटरवर आले. ठेव मोडायची होती. मुदत पूर्ण व्हायला चार महिने बाकी. मी खाली मान घालूनच विचारले, "कशासाठी मोडताय गुरुजी, व्याज बुडेल." ते म्हणाले, "घरचं काम आहे." आवाज नेहमीसारखाच होता. मी फॉर्म पुढे केला. तो भरताना त्यांचा हात थरथरत होता, पण त्या वयात कोणाचाही थरथरतो. मी शिक्का उचलला आणि खरोखर योगायोगानेच वर पाहिले. गुरुजी माझ्याकडे एकटक बघत होते. तोंडाने काही बोलत नव्हते. शर्टाच्या खिशातला फोन उलटा, कॅमेरा बाहेर असा ठेवलेला होता आणि तो चालू होता.

मी विड्रॉल स्लिपच्या कोऱ्या बाजूवर लिहिले, 'कोणाचा फोन?' आणि ती स्लिप काउंटरवर न ठेवता माझ्या मांडीवरूनच तिरकी करून दाखवली. गुरुजींनी पापण्या मिटल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. बाकीचे साहेबांनी सांभाळले. फोन बंद केला, चहा आणला, त्यांच्या मुलाला बोलावून घेतले. दोन दिवस हा माणूस घरात एकटा त्या फोनसमोर बसून होता. झोपतानाही कॅमेरा चालू ठेवायला सांगितले होते. शेजारी होते, सून संध्याकाळी येत होती, दूधवाला येत होता. या सगळ्यांनी त्यांना पाहिले होते. 'काय गुरुजी, बरं आहे ना?' असे विचारलेही होते. उत्तर ऐकायला मात्र कोणी थांबले नव्हते.

त्या दिवशी शाखेत माझे कौतुक झाले. पण ते कौतुक ऐकताना मला घरची एक गोष्ट आठवत होती आणि ती आज इथे सांगायची की नाही, याचा मी चार दिवस विचार केला.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, शिवाजी उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होते. आयुष्यभर कमी बोलले. आई गेल्यानंतर ते आमच्याकडे राहायला आले. एका रात्री जेवणे झाल्यावर ते आपणहून बोलू लागले. गावातून शिकायला ते पहिल्यांदा कोल्हापूरच्या वसतिगृहात आले तो दिवस ते सांगत होते. आजोबा त्यांना घेऊन पहाटे निघाले होते. वाटेत ओढ्यावर भाकरी खाल्ली. आजोबांच्या पायात वहाण नव्हती. वसतिगृहाच्या फाटकापाशी आल्यावर आजोबा थांबले, आबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले...

तेवढ्यात माझा फोन वाजला. वाजलाही नाही, नुसता उजळला. आमच्या शाखेच्या ग्रुपवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला होता. मी अंगठ्याने दोन फुले पाठवली. दहा सेकंदही गेले नसतील. मग म्हटले, "हं आबा, सांगा. फाटकापाशी काय झालं?" आबा माझ्या हाताकडे बघत होते. म्हणाले, "राहू दे बाळ. तू तुझं काम आवर." रागावले नव्हते, आणि म्हणूनच मी गोष्ट तिथेच सोडून दिली. पुन्हा कधीतरी विचारू, असे वाटले. सात महिन्यांनी आबा गेले. फाटकापाशी आजोबा काय म्हणाले, हे आता जगात कोणालाच माहीत नाही.

माझ्या घरातून जे गेले ते एका वाक्याएवढेच होते. पण ज्या समाजाचा इतिहास दप्तरात कमी आणि म्हाताऱ्यांच्या तोंडात जास्त आहे, त्याने अशी वाक्ये गमावणे परवडणारे नाही. इथे बसलेल्या किती घरांत अजून आजी-आजोबा आहेत? त्यांना विचारायचे राहिलेले काही आहे का? एवढेच विचारते आणि पुढे जाते.

विद्यार्थी मित्रांना वाटत असेल की हे सारे वयस्कांचे रडगाणे. तर आता तुमच्याबद्दल बोलते. आपल्या अभ्यासिकेत एम.पी.एस.सी., पोलीस भरती, बँक परीक्षा यांचा अभ्यास करणारी मुले-मुली येतात. मी आठवड्यातून दोनदा तिथे बसते. पुस्तक उघडे असते, शेजारी फोन पालथा ठेवलेला असतो आणि दर थोड्या वेळाने तो उलटून पाहिला जातो. काही आलेले नसते, तरीही पाहिला जातो. २०१७ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे आठशे लोकांना लक्ष लागणारी कामे दिली. काहींचा फोन टेबलावर पालथा, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत. आवाज सगळ्यांचा बंद. ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांनी टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा चांगले काम केले. आपले लक्ष विचलित झाले, असे स्वतः त्या लोकांना मात्र जाणवले नव्हते. पुढे इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा दरवेळी तितका फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. प्रयोग करणाऱ्यांनी आपसात काय ते ठरवावे. तुम्ही स्वतःवर एक आठवडा करून पाहा. फोन घरी ठेवून या आणि किती पाने झाली ते मोजा. खर्च काही नाही.

एक मुलगी मला म्हणाली, "मावशी, सगळं मटेरियल फोनवरच आहे. नोट्स फोनवर, लेक्चर फोनवर. फोन सोडला तर अभ्यासच सुटतो." तिचे म्हणणे खोटे नाही. गरीब घरातल्या मुलीला पुण्याचा क्लास परवडत नाही, तिला त्याच क्लासची व्याख्याने फोनवर फुकट मिळतात. पण एक व्याख्यान संपण्याआधी खालून दुसरेच काहीतरी वर येते. ते आपोआप येत नाही. तुम्ही उठून जाऊ नये, यासाठी ते यंत्र पगारी माणसांनी रात्रंदिवस बसून तसे बनवलेले आहे. एका बाजूला शेकडो हुशार अभियंते आणि दुसऱ्या बाजूला उद्यमनगरातल्या कामगाराची एकोणीस वर्षांची मुलगी. ही कुस्ती बरोबरीची नाही. कोल्हापूरच्या माणसाला तरी हे लगेच पटावे. जोड बघून कुस्ती लावायची असते. म्हणून 'मन खंबीर कर' हा उपदेश मी तिला करणार नाही. तिला एकटीला सोडायचे नाही, एवढे मला कळते.

संवादाची दुसरी बाजू थोडक्यात सांगते, कारण ती आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवड्याच्या बाजारात पाच माणसांना जमावाने मारून टाकले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची, भिक्षेवर पोट भरणारी माणसे होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप आधी काही दिवस फोनवरून फिरत होते. त्या पाचजणांना कोणी काही विचारले असेल, त्यांनी काही सांगितलेही असेल. ऐकले कोणी नाही. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. आणि आपल्या शाहूंच्या नगरीत ७ जून २०२३ रोजी काय झाले? काही मुलांनी ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधुराची नळकांडी फुटली आणि इंटरनेट बंद करावे लागले. आम्ही शटर अर्धे ओढून आत बसलो होतो. ज्यांच्या दुकानांवर दगड पडले त्यांनी ते स्टेटस पाहिलेही नसेल. आपण प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला पंचशील घेतो. खोटे बोलणार नाही, हे त्यातले चौथे शील आहे आणि चुगली, कठोर बोलणे व निरर्थक बडबड यांपासून दूर राहणे हाही सम्यक वाचेचाच भाग मानला आहे. अंगठ्याने पुढे ढकललेले आपण बोललेले धरायचे की नाही? मी धरते. माझ्या हातूनही हे घडलेले आहे. लॉकडाऊनमध्ये काढ्याच्या नावाखाली मी काय काय पाठवले, ते माझ्या नातेवाइकांना विचारा.

आता ज्या गावासाठी मी हा विषय स्वीकारला, तिकडे येते.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. ऊसपट्ट्यातले, आपल्याकडच्या कोणत्याही गावासारखे. कोरोनानंतर शाळा सुरू झाल्या तेव्हा मुले वर्गात येत होती, पण मन फोनमध्ये. घरी गेल्यावर फोन नाहीतर टीव्ही. सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास एक निर्णय घेतला. संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजेल. भोंगा वाजला की गावातल्या प्रत्येक घरात टीव्ही आणि मोबाइल बंद. ८.३० पर्यंत दीड तास. मुलांनी त्या वेळात अभ्यास करायचा, वाचायचे, घरच्यांशी बोलायचे.

या बातमीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते भोंग्याच्या आधीचे काम. निर्णय घेण्यासाठी त्यांनी आधी गावातल्या बायकांची सभा घेतली. कारण उघड आहे. सातची वेळ मालिकांची, आणि दिवसभर राबलेल्या बाईचा तेवढाच विरंगुळा. तिला न विचारता टीव्ही बंद करा म्हटले असते, तर भोंगा चार दिवसांत गंजला असता. मग आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर गेले आणि समजावून सांगितले. सुरुवातीला लोक हसले, हेही बातमीत होते. हसणारच. पण त्या दीड तासात गावातले कोणीच ऑनलाइन नसेल, तर मुलाला 'माझेच काहीतरी चुकते आहे' ही हुरहुर लागत नाही. ग्रुपवर उत्तर दिले नाही म्हणून कोणी रुसत नाही. एकट्याने फोन बंद केला तर तो शिष्ट ठरतो. सगळ्यांनी केला तर ती गावाची रीत होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. तिकडे ऑस्ट्रेलियाने २०२५ च्या डिसेंबरपासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास कायद्याने मनाई केली. त्यामागची कळकळ मी समजू शकते, तरीही मला वडगावचा मार्ग अधिक पटतो. बांशीचा नियम मुलांना आहे, वडगावचा बापालाही आहे. आमच्या घरी मी मुलाला 'फोन ठेव' म्हणते तेव्हा माझ्या हातात फोन असतो. तो म्हणतो, "मम्मी, तू काय करालीस मग?" यावर माझ्याकडे उत्तर नसते, म्हणून आवाज चढतो.

गावाने ठरवून रीत बदलता येते का, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच शिरोळ तालुक्यातले हेरवाड आठवावे. वडगावच्या तीनच महिने आधी, मे २०२२ मध्ये, त्या ग्रामसभेने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे राज्य शासनाने इतर गावांना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. मुंबई-दिल्लीहून येणाऱ्या आदेशाची वाट पाहायची सवय आपल्या जिल्ह्याला पूर्वीपासून कमीच. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला परिषद भरली तेव्हा फोन नव्हता, रेडिओ नव्हता. बाबासाहेबांचे 'मूकनायक' त्याच वर्षी ३१ जानेवारीला निघाले होते आणि तेही पाक्षिक, म्हणजे पुढचा अंक पंधरा दिवसांनी. तरी माणसे जमली, दोन दिवस बसली आणि ऐकले. आज पंधरा सेकंदांचा व्हिडिओ आपण पूर्ण पाहत नाही.

म्हणून मी संस्थेपुढे एक लहानशी सूचना ठेवते. कार्यकारिणीशी आधी बोलले आहे. अभ्यासिकेत रोज संध्याकाळी ७ ते ८.३० फोन बाहेर राहतील. त्यासाठी कप्प्यांची लाकडी पेटी करून घेतली आहे. चोवीस कप्पे आहेत, प्रत्येकाला क्रमांक. घरून तातडीचा निरोप आला तर काय, असे पालक विचारतील. टेबलावर संस्थेचा साधा बटणाचा फोन राहील, त्याचा क्रमांक प्रत्येक घरी दिला जाईल. ज्यांच्या नोट्स फोनवर आहेत त्यांनी आदल्या दिवशी सांगितले तर आवश्यक पानांच्या छापील प्रती काढून देण्याचा खर्च संस्थेने उचलावा, अशी माझी विनंती आहे. त्यावर खजिनदारांनी अजून होकार दिलेला नाही. ते इथेच पहिल्या रांगेत बसले आहेत, आपण त्यांच्याशी बोलावे.

हा नियम फक्त मुलांना ठेवला तर तो टिकणार नाही. कार्यकारिणीच्या बैठका दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी होतात. मागच्या बैठकीत अंदाजपत्रकावर चर्चा चालू असताना अकराजणांपैकी सातजण फोनमध्ये होते. सात हा आकडा मी मोजून सांगते आहे आणि त्या सातांत मीही होते, कारण मोजून झाल्यावर मी तो आकडा मिस्टरांना कळवत होते. पुढच्या बैठकीपासून ती पेटी शनिवारी वर आणली जाईल.

दर शनिवारी त्याच दीड तासातला शेवटचा अर्धा तास मला वेगळा हवा आहे. वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीला अभ्यासिकेत बोलवायचे. मुलांनी विचारायचे आणि त्यांनी सांगायचे, शाळेत कसे गेलात, पहिली नोकरी कशी लागली, घरातून कोण सोडायला आले होते. एका मुलाने वहीत लिहून घ्यायचे. रेकॉर्डिंग का नको, असे कोणीतरी नक्की विचारणार. रेकॉर्डिंग चालू केले की आपण ऐकणे फोनवर सोपवतो आणि स्वतः मोकळे होतो, असा माझा अनुभव आहे. परंतु यावर माझा हट्ट नाही.

येत्या शनिवारी उद्यमनगरातून निवृत्त झालेले, माझ्या आबांबरोबर वसतिगृहात राहिलेले एक काका येण्यास तयार झाले आहेत. त्यांना ऐकू कमी येते, तेव्हा प्रश्न मोठ्याने विचारावे लागतील. पेटीची किल्ली तूर्त माझ्याकडे आहे. उद्या सोमवार, मी पावणेसातला दारात असेन.